जलाभेद्य कॅमेऱ्याची कुळकथा

पाण्यावांचून छायाचित्रण जन्मालाच आलें नसतें. कांच असो वा फिल्म असो, ती औषधांत बुचकळून मग पाण्यानें पुनःपुन्हां धुतल्यावरच तिच्यावरील चित्र टिकाऊ होई. असें असूनही ज्या पेटींत तें चित्र प्रथम उमटावयाचें, त्या पेटीला मात्र पाण्याचा थेंब सोसत नसे. लांकूड फुगावें, चामड्याचा भाता कुजावा, पितळेवर हिरवें कीट चढावें आणि भिंगावर बुरशीचें जाळें पसरावें, हा क्रम कोंकणांतला एखादा पावसाळा ज्यांनीं कॅमेऱ्यासह काढला आहे त्यांना नव्यानें सांगावयास नको. अलीकडे खिशांत मावणारे, हातांतून निसटून खालीं पडले तरी न बिघडणारे आणि पंधरा मीटर पाण्याखालीं नेले तरी आंतून कोरडे राहणारे डिजिटल कॅमेरे निघाले आहेत. मुलांच्या खेळण्यासारख्या दिसणाऱ्या या वस्तूची वंशावळ दीडशें वर्षांहून अधिक मागें जाते. आणि मौज अशी कीं, ती भिंगाची कथा नसून बहुतांशीं झांकणाची कथा आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यांत वेमथ हें बंदर आहे. तेथील विल्यम टॉम्सन हा धंद्यानें वकील. पण सागरी जीवसृष्टीच्या अभ्यासाचा त्याला मोठा नाद. १८५६ सालच्या फेब्रुवारींत त्यानें एक पेटी करविली, तिच्या तोंडाशीं कांच बसविली, आंत कॅमेरा ठेविला, आणि एका स्नेह्यासह होडींतून उपसागरांत जाऊन ती पेटी सुमारें तीन वांव खोल सोडली. त्या काळची कलोडियनची कांच ओली असतांनाच वापरावी लागे. म्हणजे किनाऱ्यावर ती तयार करावयाची आणि सुकण्यापूर्वी समुद्राच्या तळाशीं पोंचवावयाची, अशी ती शर्यतच होती. दोरी ओढून झडप उघडली, दहा मिनिटें वाट पाहिली, आणि पेटी वर काढली तों आंत समुद्र शिरलेला! तरीही कांचेवर खडक आणि सागरी वनस्पती यांची अंधुक आकृति उमटली होती. पाण्याखालचें पहिलें छायाचित्र हा मान मिळतो तो या गळक्या पेटींतील चित्राला.

टॉम्सनला हौशी गृहस्थ म्हणून चार ओळींत निकालांत काढण्याची रीत पडली आहे. मला ती अन्यायाची वाटते. आपल्या युक्तीचा उपयोग काय, हें त्यानें स्वतःच सांगून ठेविलें आहे. पूल, धक्के आणि पाण्यांत रोवलेले खांब यांची स्थिति थोडक्या खर्चांत पाहतां यावी, ही त्याची इच्छा होती. म्हणजे सागरतळाचें नवल जितकें त्याला हवें होतें, तितकेंच इंजिनियराचें रोजचें, रुक्ष काम त्याच्या डोळ्यांपुढें होतें. या मुद्द्याकडे पुढें पुन्हां यावयाचें आहे, म्हणून वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

टॉम्सनच्या मागून जवळजवळ चाळीस वर्षांनीं या विषयाला खरा उपासक भेटला. स्पेनच्या सरहद्दीजवळ, भूमध्य समुद्राच्या कांठीं बान्यूल येथें आरागो प्रयोगशाळा आहे. लुई बूताँ हा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ तेथें काम करी. पाणबुड्याचा जड पोशाख चढवून तो स्वतः तळाशीं उतरे. आणि जें पाहिलें तें वर आल्यावर केवळ शब्दांनींच सांगावें लागतें, याची त्याला हळहळ वाटे. १८९३ साली त्यानें आपल्या ओगुस्त नांवाच्या इंजिनियर भावाच्या साह्यानें कॅमेऱ्यासाठीं धातूची पेटी तयार करविली. पाण्यांत दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद खिडकीवर दहा मीटर खोलीवर सुमारें शंभर किलोंचा भार पडतो. एवढा भार सोसून फटींतून थेंबही आंत येऊं न देणारें झांकण त्या काळीं करणें कठीण. तेव्हां या भावांनीं पेटीला हवेनें भरलेला एक रबरी फुगा जोडला. पेटी खोल जाई तसें बाहेरचें पाणी फुग्याला दाबी, त्यांतील हवा पेटींत शिरे, आणि आंतला दाब बाहेरच्या दाबाच्या बरोबरीस येई. पाण्याशीं झुंज घेण्याऐवजीं झुंजीचें कारणच नाहींसें करण्याची ही तोड पाहिली कीं, आजही त्या बंधूंच्या बुद्धीचें कौतुक वाटतें.

दुसरी अडचण उजेडाची. सूर्यप्रकाशावर विसंबावें तर एकेका चित्रास अर्ध्या तासापर्यंत वेळ लागे, आणि तेवढा वेळ स्तब्ध राहील असा मासा सांपडावयाचा कोठें? म्हणून मॅग्नेशियम जाळण्याचे प्रयोग सुरू झाले. प्रथम प्राणवायूनें भरलेल्या कांचेच्या गोळ्यांत मॅग्नेशियमची फीत पेटविली. पण गोळा फुटण्याचें भय कायमचें. मग दोनशें लिटरचें एक लांकडी पीप घेऊन त्याच्या माथ्यावर कांचेच्या घंटेखालीं स्पिरिटचा दिवा ठेविला, आणि रबरी गोळा दाबून त्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड उडविण्याची सोय केली. समुद्राच्या तळाशीं दिवा लावणें म्हणजे काय, हें त्या पिपाकडे पाहून समजतें! १८९९ साली बूताँनें रुमानियाचा शास्त्रज्ञ एमिल राकोवित्सा याचें पाणबुड्याच्या पोशाखांतील चित्र पाण्याखालींच घेतलें, आणि पुढल्या वर्षीं या साऱ्या खटाटोपावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

१९२६ साली फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशीं लाँगली आणि मार्टिन या दोघांनीं माशांचीं पहिलीं रंगीत चित्रें घेतलीं. त्यांची मॅग्नेशियमची पूड तराफ्यावर भडके, आणि अशाच एका अवेळीं झालेल्या भडक्यांत लाँगली चांगलाच भाजला होता. रंगासाठीं एवढा जाळ करण्याचें कारण असें कीं, पाणी प्रथम तांबडा रंग गिळतें. थोड्याच खोलीवर रक्तवर्णी मासा काळपट दिसूं लागतो. त्याचा रंग परत मिळवावयाचा तर उजेड बरोबर न्यावा लागतो.

झांकणाचा प्रश्न सुटला तो मात्र भलत्याच क्षेत्रांत. नील्स क्रिस्टेन्सेन हा डेन्मार्कांत जन्मलेला आणि अमेरिकेंत स्थायिक झालेला यंत्रकार. त्याला १९३९ साली रबराच्या एका साध्या कड्याचें पेटंट मिळालें. योग्य मापाच्या खांचेंत हें वाटोळें कडें बसवावयाचें, इतकीच ती युक्ति. पण तिची खुबी अशी कीं, बाहेरून दाब पडला म्हणजे तें कडें सरकून फटीवर अधिकच घट्ट बसतें. शत्रूच्या जोरानेंच वेशीचा दरवाजा बंद व्हावा, तसा हा प्रकार. दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या यंत्रणेसाठीं त्याचा मोठा उपयोग झाला आणि अमेरिकन सरकारनें तें पेटंट ताब्यांत घेऊन इतर कारखान्यांना खुलें केलें. या ‘ओ-रिंग’चें महत्त्व किती, हें जगाला कळलें तें दुर्दैवानें १९८६ साली; चॅलेंजर यानाच्या नाशास थंडीनें ताठरलेलें असलेंच एक कडें कारण झालें.

युद्धानंतर झाक कुस्तो याच्या पाणबुड्यांना हलका कॅमेरा हवा होता. कुस्तोच्या ‘कॅलिप्सो’ जहाजाचेंच नांव दिलेला कॅमेरा जाँ द वूतेर या बेल्जियन इंजिनियरानें रचला, आणि १९६० च्या सुमारास तो बाजारांत आला. येथें विचारच पालटला. यापूर्वी कॅमेरा निराळा आणि त्याला पाण्यापासून जपणारी पेटी निराळी. आतां कॅमेऱ्याचें अंग हीच पेटी झाली. जपानच्या निकॉन कंपनीनें हा कॅमेरा १९६३ साली ‘निकॉनॉस’ या नांवानें काढला. त्याचीं पट्टा अडकविण्याचीं कानेंच तरफेसारखीं वापरून आंतला भाग बाहेर काढावयाचा, अशी त्याची रचना होती. भिंगांतून पाहण्याची सोय नव्हती. अंतर अंदाजानें ठरवावें लागे, आणि पाण्याखालीं वस्तु खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर भासत असल्यानें तो अंदाज नवख्याला हटकून फसवी. छत्तीस चित्रें संपलीं कीं वर येणें भाग. असें असूनही २००१ पर्यंत हें घराणें चालूं राहिलें. आणि समुद्राशीं संबंध नसलेल्या, व्हिएतनामच्या चिखलांत व पावसांत हिंडणाऱ्या वार्ताहरांनींही तो गळ्यांत बाळगला.

येथें टॉम्सनची आठवण येते. १९८८ साली जपानच्या कोनिका कंपनीनें एक धष्टपुष्ट कॅमेरा काढला, त्याचें नांव ‘गेन्बा कान्तोकु’, म्हणजे बांधकामावरचा देखरेख्या! जपानांत सार्वजनिक बांधकामाच्या प्रत्येक टप्प्याचें छायाचित्र दफ्तरीं ठेवावें लागतें. कामाचें नांव व माहिती लिहिलेला लहानसा फळा चित्रांत धरण्याची तेथें प्रथा आहे. पायांतील सळ्या एकदां काँक्रीटखालीं गाडल्या गेल्या कीं त्या किती होत्या याचा साक्षीदार तें चित्रच. हें काम पावसांत, धुळींत, मुकादमाच्या राठ हातांनीं व्हावयाचें; तेथें नाजूक यंत्र काय कामाचें? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखालीं १९८० नंतरच्या दशकांत द्वारकेच्या समुद्रांत जें संशोधन केलें, त्यांतही पाण्याखालील छायाचित्राचें काम याच जातीचें होतें. वाळूखालून वर आलेला घडीव दगड पुन्हां वाळूखालीं जातो. तो जेथें आणि जसा होता त्याची नोंद उरते. असल्या कॅमेऱ्यांना सहलीचीं खेळणीं म्हणून हिणविणाऱ्यांनीं त्यांचें हें साक्षीचें काम विसरूं नये.

डिजिटल युगानें फिल्म बदलण्याची कटकट नाहींशी केली. पण जवळ-दूर करणारें भिंग पुढें-मागें सरकतें, आणि सरकणारी नळी पाण्यापासून राखणें अवघड. त्यावर उपाय म्हणजे घडीचें भिंग. प्रकाश आंत शिरतांच लोलकानें काटकोनांत वळवावयाचा आणि भिंगांची सारी हालचाल कॅमेऱ्याच्या पोटांतच होऊं द्यावयाची; बाहेर दिसते ती केवळ एक स्थिर कांच. पेंटॅक्सनें २००५ साली दीड मीटर पाण्याचा, तर ऑलिंपसनें २००६ साली तीन मीटर पाण्याचा व दीड मीटर उंचीवरून पडणें सोसणारा कॅमेरा काढला. पुढल्याच वर्षीं ही मर्यादा दहा मीटर झाली. त्यानंतर ‘टीजी’ मालिकेंत ती पंधरावर गेली, आणि भिंगाजवळच्या इवल्या जिवांचें चित्र मोठें करून घेण्याची सोयही आली. बूताँचें दोनशें लिटरचें पीप ज्या प्रकाशासाठीं होतें तो प्रकाश नखाएवढ्या खिडकींतून पडूं लागला. मालवणच्या समुद्रांत प्रथमच डोकें बुडविणारा विद्यार्थीही आतां प्रवाळाचें चित्र घरीं आणूं शकतो.

तथापि ‘जलाभेद्य’ हा शब्द जपून घेतला पाहिजे. कारखान्यांतील परीक्षा स्थिर आणि गोड्या पाण्यांत होते. उंचावरून उडी मारतांना पाण्याचा जो तडाखा बसतो तो तिच्या हिशेबांत नसतो. फोनही आतां पाणी सोसतात, पण त्यांचे निर्माते स्वतःच सांगतात कीं, हा गुण कायमचा नव्हे. कॅमेऱ्याच्या दाराशीं असलेल्या रबरी पट्टीवर डोक्याचा एक केंस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी वेमथच्या उपसागरांत टॉम्सनच्या पेटीचें जें झालें तेंच व्हावयाचें. समुद्रांतून आल्यावर तो गोड्या पाण्यांत कांहीं वेळ बुडवून ठेवावा लागतो, नाहींतर मीठ सुकून कडांवर स्फटिक धरतें. दार उघडण्यापूर्वी तो पुसून कोरडा करावा लागतो. आणि रबर म्हातारें होतें म्हणून ती पट्टी वर्षांतून एकदां बदलून घ्यावी, अशी सूचना ऑलिंपसच्या माहितीपुस्तिकेंतच छापलेली असे.