दगडावरच्या दोन ओळी

आजचा विषय थेट स्मशानातला आहे, पण घाबरू नका, भुताची गोष्ट नाहीये. प्रश्न असा की छोटी कविता छोटी का असते?

ग्रीकांपुरतं तरी याचं एक सरळ उत्तर आहे: दगड. 'एपिग्राम' या शब्दाचा मूळ अर्थ 'वर लिहिलेलं', म्हणजे कोरीव लेख. थडग्यावर कोरायचं तर मेहनत लागते, पैसे लागतात आणि जागा बेताची. ट्विटरच्या अडीच हजार वर्षं आधीची कॅरेक्टर लिमिटच ती. (आपल्याकडच्या वीरगळांवर बहुतेकदा अक्षरं नसतात, शिल्पातच सगळी गोष्ट असते. ग्रीकांनी शब्दांवर भरवसा ठेवला.)

अथेन्समध्ये थडगी गावाबाहेर, रस्त्याच्या कडेनं असायची. त्यामुळे लेख बोलायचा तो वाटसरूशी, आणि पुष्कळदा 'मी' म्हणून. त्यात जुन्या लेखांमध्ये दोन शब्दांत जागाच सोडलेली नसायची, अक्षरं सगळी सलग. अर्थ लावायचा तर मोठ्यानं वाचलेलं बरं. आता बघा काय होतं: 'मी' त्या मेलेल्या माणसाचा, आवाज मात्र वाटेवरच्या अनोळखी माणसाचा.

यातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे फ्रासिक्लेया. अथेन्सच्या आसपासच्या प्रदेशातली, लग्नाआधीच वारलेली मुलगी. काळ साधारण इ.स.पू. 540. तिच्या थडग्यावर पुतळा होता आणि चौथऱ्यावर दोन ओळींची कविता. तिचा आशय इतकाच, की लग्नाऐवजी देवांनी 'कुमारी' हेच नाव दिलं, आता कायम तेच राहणार. बास. रडारड नाही, उपदेश नाही. तिच्या नावात 'क्लेओस' हा शब्द आहे, म्हणजे कीर्ती. गंमत म्हणजे हा शब्द आपल्या 'श्रवण'च्या घराण्यातला, 'श्रु' धातूचा नातेवाईक. कीर्ती म्हणजे जे ऐकलं जातं ते!

मग पुतळा गायब झाला. चौथरा पुढे मेरेंडा गावच्या एका चर्चच्या बांधकामात गेला. कविता तिथे शाबूत, पण जिच्याबद्दल आहे तीच नाही. 1972 साली जवळच्याच जमिनीत पुतळा सापडला, लाल रंगाच्या खुणांसकट, हातात कमळाची कळी. तो चौथऱ्यात बसवणारं शिशाचं कडंही मिळालं, ते चौथऱ्याशी जुळलं. कुणीतरी तिला मुद्दाम पुरून ठेवलं असावं असं मानतात.

पण दगड एवढा नशीबवान क्वचितच असतो. इ.स.पू. तिसऱ्या शतकापर्यंत कवी दगड नसतानाही थडग्यांच्या कविता लिहायला लागले होते, सरळ पपायरसवर. अलेक्झांड्रियाच्या कॅलिमाकसनं मित्र गेल्याचं कळल्यावर सहा ओळी लिहिल्या. मित्र म्हणजे हॅलिकार्नाससचा कवी हेराक्लायटस (नदीवाला तत्त्वज्ञ नव्हे, तो वेगळा). कॅलिमाकस म्हणतो की तू राख झालास, पण तुझ्या कवितांना मरण शिवणार नाही.

शिवलंच की. त्या कवितांपैकी आज एकच उरलीये, आठ ओळींची. आणि तीसुद्धा थडग्यावरची! माती नुकतीच उकरलेली, दगडावरचे हार अजून पुरते सुकलेले नाहीत. क्निडसची एक बाई बोलते: जुळ्यांना जन्म देताना गेले, एक बाळ बापाच्या म्हातारपणासाठी मागे ठेवलं, दुसरं नवऱ्याची आठवण म्हणून सोबत नेतेय. तिचं नाव अरेतेमियास. ती खरी होती की कवीनं कल्पिलेली, याचा मी फार विचार केलाय. मला वाटतं, खरी असावी. पुरावा नाही.

ही कविता टिकली ती नकलांमुळे. दहाव्या शतकात बायझंटाइन लेखनिकांनी असल्या हजारो छोट्या कवितांचं एक हस्तलिखित तयार केलं. त्याच्या सातव्या भागात थडग्यांच्या साडेसातशेच्या आसपास कविता आहेत. 1606 च्या सुमारास क्लोद सोमेझ या विशीही न गाठलेल्या फ्रेंच पोरानं ते हायडेलबर्गच्या ग्रंथालयात पाहिलं. पुढे युद्धाच्या लुटीत ते रोमला गेलं, तिथून पॅरिसला. 1816 मध्ये मोठा तुकडा हायडेलबर्गला परतला, छोटा अजून पॅरिसमध्येच आहे. हायडेलबर्गचा भाग विद्यापीठानं स्कॅन करून ऑनलाइन ठेवलाय, मोबाइलवरही उघडतो. सातव्या भागात 465 व्या क्रमांकावर अरेतेमियास आहे.