कवटी न उघडता मेंदू दिसू लागला त्याची गोष्ट



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एकीच्या सासूबाई सकाळी गोठ्यात धार काढता काढता एका अंगावर कलंडल्या. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं. घरातले म्हणाले, वारं गेलं. कुणी तेल चोळलं, कुणी कांदा हुंगायला दिला. मग लकव्यावर औषध देणाऱ्या एका माणसाकडे नेलं. तिथून गाडी शोधून शहरातल्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार टळून गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे किती वाजता सुरू झालं?" आणि लगेच म्हणाले, "आधी सिटीस्कॅन."

सून आमच्या बैठकीत सांगत होती, "माणूस मरायला टेकलंय आणि यांना फोटोची पडलीय, असंच मला वाटलं. चांगलंच भांडले मी. नंतर कळलं की फोटोशिवाय ते इंजेक्शन देताच येत नाही, आणि आम्हीच वेळ घालवून बसलो होतो." सासूबाई वाचल्या, पण उजवा हात अजून काम करत नाही.

त्या दिवशी आम्ही ठरवलं, हा 'आधी फोटो' काय प्रकार आहे ते समजून घ्यायचं. शोधत गेलो तर सव्वाशे वर्षांची गोष्ट हाती लागली. तीच आज तुम्हाला सांगतो.

एका बायकोचा हात

१८९५ सालचा नोव्हेंबर महिना. जर्मनीतल्या व्यूर्ट्सबुर्ग गावात विल्हेल्म रोंटगेन नावाचे प्राध्यापक अंधाऱ्या खोलीत काचेच्या नळीतून वीज सोडून प्रयोग करत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली होती, तरी थोड्या अंतरावरचा एक पडदा चमकू लागला. पुठ्ठ्यातून आरपार जाणारं हे काय असावं, ते त्यांना कळेना. गणितात आपल्याला माहीत नसलेल्या आकड्याला 'क्ष' म्हणतात, तसं त्यांनी या किरणांना नाव दिलं. म्हणून ते क्ष-किरण, म्हणजे आपला एक्स-रे.

२२ डिसेंबरला त्यांनी बायकोचा, ॲना बेर्टाचा, हात फोटोच्या काचेवर ठेवायला लावला. फोटोत हाडं दिसली आणि बोटातली अंगठी काळी ठळक दिसली. आपल्याच हाताचा सांगाडा बघून तिला मरण दिसल्यासारखं वाटलं, असं सांगतात. आपल्याला आज एक्स-रेचं काही वाटत नाही, पण जिवंतपणी स्वतःची हाडं बघणारी ती जगातल्या पहिल्या बायकांपैकी एक. ती घाबरली तर नवल काय?

रोंटगेन यांनी या शोधाचं पेटंट घेतलं नाही, त्यामुळे तो झपाट्याने जगभर पसरला. पहिल्या महायुद्धात मेरी क्युरी यांनी मोटारगाड्यांवर एक्स-रेची यंत्रं बसवून ती फ्रान्सच्या रणभूमीजवळ नेली. ती चालवायला त्यांनी सुमारे दीडशे बायकांना शिकवून तयार केलं. सैनिकाच्या अंगात गोळी कुठे रुतली आहे, ते या बायका दाखवू लागल्या.

पण हे किरण अंगाला अपाय करतात, हे सुरुवातीला कुणाला कळलं नव्हतं. अमेरिकेत एडिसन यांचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली रोज स्वतःचा हात धरून यंत्र तपासायचा. त्याचे हात सडले, कापावे लागले आणि १९०४ साली तो गेला.

आईला विचारलं म्हणून कळलं

या अपायाबद्दलची एक मोठी गोष्ट बायकांना प्रश्न विचारल्यामुळे उघड झाली. इंग्लंडमध्ये डॉक्टर ॲलिस स्टुअर्ट या शोधत होत्या की लहान मुलांना कॅन्सर का होतो. त्यांनी ठरवलं, नुसती कागदपत्रं बघायची नाहीत, मुलांच्या आयांना विचारायचं. पोटुशी असताना काय खाल्लं, कुठलं दुखणं झालं, काय तपासण्या झाल्या, असं सगळं विचारलं. कॅन्सरने गेलेल्या मुलांच्या आयांनी गरोदरपणात पोटाचा एक्स-रे काढल्याचं प्रमाण इतर आयांच्या मानाने जवळजवळ दुप्पट निघालं. १९५६ साली त्यांनी हे छापलं. मोठमोठ्या डॉक्टरांनी बरीच वर्षं ते मानलं नाही, पण शेवटी गरोदर बाईच्या पोटाचा एक्स-रे काढायची पद्धत मागे पडली. आज एक्स-रेच्या खोलीबाहेर 'गरोदर असाल तर आधी सांगा' अशी पाटी दिसते, तिच्यामागे त्या आयांच्या आठवणी आहेत.

मेंदू दिसेना

एक्स-रेत हाड छान दिसतं. पण मेंदू लोण्यासारखा मऊ, आणि वर कवटीची पेटी. फोटोत पेटी दिसायची, आतला ऐवज दिसायचा नाही. मग डॉक्टरांनी काय केलं, ते ऐकून अंगावर काटा येतो. १९१८ साली अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी कवटीला भोक पाडून मेंदूतल्या पोकळ्यांमधलं पाणी काढलं आणि त्या जागी हवा भरली. हवेमुळे पोकळीचा आकार फोटोत उमटायचा, आणि आकार बिघडलेला दिसला की आत गाठ असावी असा अंदाज करायचा. पुढे हीच हवा पाठीच्या कण्यातून भरू लागले. पेशंटला भयंकर डोकेदुखी आणि उलट्या व्हायच्या. तरीही पन्नासेक वर्षं हा उपाय चालला, कारण दुसरा नव्हता.

शेतकऱ्याच्या पोराने काढलेली वाट

वाट काढली गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. ते इंग्लंडमधल्या शेतकऱ्याच्या घरचे, पाच भावंडांत धाकटे. लहानपणी शेतावरची यंत्रं न्याहाळायची आणि घरी बनवलेलं ग्लायडर घेऊन गंजीवरून उडी मारायची, हे त्यांचे उद्योग. पुढे ते ईएमआय कंपनीत लागले. ही गाण्याच्या तबकड्या काढणारी कंपनी. आपल्याकडे कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र असलेल्या तबकड्या असायच्या ना, ती कंपनीही तिच्याच घराण्यातली.

त्यांची युक्ती समजायला घरातलं ताट घ्या. दिव्यासमोर ताट सरळ धरलं तर भिंतीवर गोल सावली पडते. तेच ताट आडवं धरलं की नुसती रेघ. एका सावलीवरून वस्तू कळत नाही. पण चहूबाजूंनी सावल्या घेतल्या तर ती नेमकी कशी आहे हे ताडता येतं. हाउन्सफील्ड यांनी एक्स-रेच्या अशा हजारो सावल्या घेतल्या आणि त्यांचा हिशेब कॉम्प्युटरला करायला लावला. मग काकडीच्या चकत्या कराव्यात तसे डोक्याचे आडवे काप पडद्यावर दिसू लागले, तेही सुरी न लावता. सुरुवातीच्या यंत्राला एका चित्राची मोजमापं घ्यायला नऊ दिवस लागायचे. खाटिकाकडून बैलाचा मेंदू आणून त्यांनी त्यावर प्रयोग केले.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात पहिल्या पेशंटचं डोकं या यंत्रात ठेवलं. ती एक बाई होती. डोक्यात गाठ असावी असा संशय होता. चित्रात गाठ स्पष्ट दिसली. हाउन्सफील्ड यांना १९७९ साली ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. ते यंत्र म्हणजे सिटीस्कॅन.

आता सासूबाईंकडे येऊ. वारं जातं ते बहुतेक वेळा मेंदूत रक्ताची गुठळी अडकल्याने, आणि काही वेळा मेंदूत रक्तस्राव झाल्याने. बाहेरून दोन्हीकडे तेच दिसतं: तोंड वाकडं, हात लुळा. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण योग्य पेशंटला ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. रक्तस्राव असताना तेच इंजेक्शन दिलं तर माणूस हातचा जाईल. दोन्हींतलं काय झालंय, ते सिटीस्कॅन काही मिनिटांत सांगतं. म्हणून आधी फोटो.

बोगद्याचं यंत्र

दुसरं यंत्र एमआरआयचं. यात एक्स-रे नसतात. आपल्या अंगात भरपूर पाणी असतं, आणि मोठ्या लोहचुंबकात माणूस ठेवून रेडिओच्या लहरी सोडल्या की त्या पाण्यातून बारीक इशारा परत येतो. हो, रेडिओच्याच लहरी, आपल्या केंद्राच्या जातकुळीतल्या! त्या इशाऱ्यांचं चित्र करण्याची रीत पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली मांडली. पीटर मॅन्सफील्ड यांनी ती वेगवान केली. २००३ साली दोघांना नोबेल मिळालं.

आत गेल्यावर धाडधाड आवाज येतो, जागा अरुंद असते, जीव घाबरतो. पण दुखत काही नाही. धोका आहे तो लोखंडाचा. आत जाण्याआधी मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना, सगळं काढून ठेवायचं. अंगात पेसमेकर, सळई, क्लिप काही बसवलेलं असेल तर आधी सांगायचं. ॲना बेर्टाची अंगठी हातात राहिली तरी चाललं, इथे चालत नाही.

मन दिसतं का?

आमच्या गटातल्या एका मुलीने विचारलं, "मग मनातलं पण दिसतं का?"

याचं उत्तरही एका शेतकऱ्यापासून सुरू होतं. १८८० च्या आगेमागे इटलीत अँजेलो मोसो नावाचे शास्त्रज्ञ होते. बर्टिनो नावाच्या शेतकऱ्याच्या कवटीला अपघातात भोक पडलं होतं आणि तिथे मेंदूची धडधड दिसायची. दुपारी चर्चची घंटा वाजली. मोसो यांनी विचारलं, आता प्रार्थना म्हणायची होती का? त्याबरोबर मेंदूतली धडधड वाढली. मोसो यांनी ओळखलं की विचार आला की मेंदूत रक्त धावतं.

आपण शेतात पाण्याला दारं धरतो, तेव्हा ज्या वाफ्याला पाणी हवं तिकडे पाट वळवतो. मेंदूचंही तसंच आहे. जो भाग कामाला लागला तिकडे ताजं रक्त जातं. १९९० साली सेइजी ओगावा यांनी दाखवलं की हा रक्तातला फरक एमआरआयमध्ये टिपता येतो. तेव्हापासून माणूस बघताना, बोलताना, आठवताना मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो, हे कवटी न उघडता कळू लागलं.

२००६ साली इंग्लंडमध्ये ॲड्रियन ओवेन आणि त्यांच्या साथीदारांनी एका २३ वर्षांच्या तरुणीबद्दल लिहिलं. अपघातानंतर पाच महिने ती डोळे उघडायची, पण कशालाच प्रतिसाद द्यायची नाही. तिला यंत्रात ठेवून सांगितलं, आपण टेनिस खेळतोय अशी कल्पना कर. मग सांगितलं, आपल्या घरात एकेका खोलीतून फिरतेयस अशी कल्पना कर. दोन्ही वेळा धडधाकट माणसाच्या मेंदूत जे भाग जागे होतात, तेच तिच्याही मेंदूत झाले. तिला ऐकू येत होतं! पुढे अशाच ५४ पेशंटवर तपासणी केली, तेव्हा ५ जणांत असा प्रतिसाद मिळाला. म्हणजे प्रत्येकात आशा असते असं नाही. पण निपचित पडलेल्या माणसासमोर त्याच्या मरणाची, वाटणीची बोलणी करू नयेत, एवढं तर यातून शिकावं.

आणि मनातलं दिसतं का? नाही. पाटात पाणी कुठे वळलं ते दिसतं, वाफ्यात काय पेरलंय ते नाही. २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक मेलेला मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि हिशेब ढिला ठेवला तर मेलेल्या माशाचा मेंदूही 'विचार करताना' दिसतो, हे सिद्ध केलं. चित्र रंगीत असलं म्हणजे खरंच असतं असं नाही. ते वाचणारा माणूस शहाणा हवा.

प्रश्न कोण विचारतंय?

आणखी एक यंत्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं, सोनोग्राफीचं. ग्लासगोचे इयान डोनाल्ड यांनी लोखंडातल्या भेगा शोधणारं यंत्र वापरून बायकांच्या पोटातल्या गाठी आणि गर्भ पाहिले, १९५८ साली ते छापलं. त्यात एक्स-रेची भीती नव्हती. किती आया आणि बाळं त्यामुळे वाचली! पण आपल्याकडे त्याच पडद्यावर विचारलं गेलं, मुलगा की मुलगी? महाराष्ट्राने १९८८ साली याविरुद्ध कायदा केला, १९९४ साली देशाचा कायदा झाला. तरी २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. यंत्र तेच असतं. आपण त्याला काय विचारतो, त्यावर ते जीव वाचवतं की घेतं हे ठरतं.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या पुढच्या बैठकीत एवढं सगळ्यांना सांगा. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. तोंडात पाणी, औषध काही घालू नका. १०८ ला फोन करा आणि सिटीस्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्या. तो कुठे आहे ते आजच विचारून ठेवा. गरोदर असाल, दिवस गेल्याची शंका असेल, तर तपासणीआधी सांगा. फोटो कशासाठी काढताय, हे विचारायला लाजू नका. आणि फिल्म, रिपोर्ट सांभाळून ठेवा, म्हणजे तोच फोटो पुन्हा काढावा लागणार नाही.

आमच्या त्या मैत्रिणीने आता घरातल्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, दवाखान्याचं नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. सासूबाई डाव्या हाताने भाजी निवडता निवडता येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवतात. तुमच्या भिंतीवरही लिहा.