पोटमाळ्यावरचा माणूस नकाशात कुठे आहे?

३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी भेंडीबाजारातल्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. ३३ माणसे गेली. बकरी ईद दोन दिवसांवर आली होती. शंभरी ओलांडलेली ही इमारत म्हाडाने काही वर्षांपूर्वीच धोकादायक ठरवली होती. ती मोठ्या पुनर्विकास प्रकल्पात येत होती आणि प्रकल्पाने तिथली काही कुटुंबे आधीच हलवलीही होती. तरी इमारत रिकामी झालेली नव्हती. खाली धंदा चालू होता, वर माणसे राहत होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये याच परिसरातल्या दाऊद इब्राहिमच्या तीन मालमत्तांचा सरकारने लिलाव केला. सुमारे साडेअकरा कोटींना त्या पुनर्विकास करणाऱ्या ट्रस्टनेच घेतल्या. त्या लिलावाच्या बातम्या कितीतरी दिवस रंगल्या. भेंडीबाजार उर्वरित महाराष्ट्राला बहुधा याच खिडकीतून दाखवला जातो. मला मात्र हुसैनीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. कधीही पडेल अशी नोटीस लागलेल्या इमारतीत माणसे का राहतात? ‘भाडेकरू हट्टी असतात’ हे उत्तर सगळ्यांच्या तोंडी आहे. इतिहास पाहिला तर ते पुरत नाही.

खाली गाळा, वर खोली

भेंडीबाजार हे नाव भेंडीच्या झाडांवरून पडले, असे मानतात. भाजीची भेंडी नव्हे. समुद्रकाठच्या गावांत सावलीसाठी लावतात ते पिवळ्या फुलांचे झाड. ‘बिहाइंड द बाजार’चा अपभ्रंश ही दुसरी कथा ऐकायला गमतीची आहे, एवढेच.

पायधुनी, डोंगरी, नळबाजार, भेंडीबाजार हा सगळा पट्टा एकोणिसाव्या शतकात ‘नेटिव टाऊन’ म्हणून वाढला. बंदर जवळ, कापसाचा आणि धान्याचा व्यापार तेजीत. गुजरात-कच्छहून बोहरा, मेमन, खोजा व्यापारी आले. रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान तर त्याआधीपासून बंदराच्या आणि जहाजांच्या कामात होते; जवळच्या जामा मशिदीच्या कारभाराशी त्यांचे जुने नाते आहे. उत्तर हिंदुस्थानातून विणकर आणि कारागीर आले. मुंबईचा मुसलमान म्हणजे एकच एक जमात, असे समजणाऱ्याने या चार गल्ल्या फिराव्यात. दर वळणावर भाषा, टोपी आणि बिर्याणी बदलते.

इमारतींची रचना मात्र सगळीकडे सारखी. तळमजल्यावर रस्त्याला तोंड करून गाळे, वर लांब व्हरांडा, त्याला लागून एकेक खोली आणि टोकाला सामाईक संडास. यातल्या कित्येक खोल्या एकट्या पुरुषांसाठी बांधलेल्या होत्या. कुटुंबे नंतर आली आणि एका खोलीत पडदा टाकून दोन संसार मांडले गेले. गाळ्यातही जागा वाया जात नव्हती. उंच छताखाली फळ्या ठोकून पोटमाळा केला जाई. दिवसा तिथे माल असे, रात्री दुकानातली पोरे शिडीने वर चढून झोपत. आजही झोपतात.

या दाटीतच बिजनौरहून आलेले छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ स्थिरावले. त्यांच्या गायकीला ‘भेंडीबाजार घराणे’ हे नाव मिळाले. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नजीर खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढच्या पिढीतल्या अमान अली खाँकडे लता मंगेशकरांनी धडे घेतले. एखाद्या घराण्याला बाजाराचे नाव असणे मला फार बोलके वाटते.

प्लेगनंतरची तोडफोड

या वस्तीचा ‘विकास’ करण्याची कल्पना आजची नाही. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला आणि दाट वस्ती हीच रोगाची जननी आहे, असा निष्कर्ष सरकारने काढला. १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नागपाड्यात त्याने पहिली योजना हाती घेतली. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते जुन्या वस्त्या कापून काढले. समुद्राची हवा शहरात खेळेल, असे त्यामागचे गणित होते.

हवा किती खेळली, हा वेगळा विषय. पण सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जेवढी घरे पाडली तेवढी बांधली नाहीत. घर गेलेली माणसे दूर गेली नाहीत, कारण रोजी इथेच होती. ती शेजारच्या गल्लीत शिरली आणि तिथली दाटी वाढली. एका गल्लीचा आजार दुसऱ्या गल्लीत गेला.

त्या काळातही याला विरोध करणारा एक नगररचनाकार हिंदुस्थानात होता. पॅट्रिक गेडिस. १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. सरसकट पाडापाडीऐवजी जपून शस्त्रक्रिया करा, असे त्यांचे म्हणणे होते. आधी वस्तीत पायी फिरा, कोण कुठे काय करतो ते पाहा, लागेल तेवढेच कापा. मुंबईने गेडिस यांना खुर्ची दिली. त्यांचे ऐकले मात्र थोडेच.

पावती, पगडी आणि गोठलेले भाडे

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत आणि फाळणीच्या काळात गरीब भाडेकरूला त्याने वाचवले, हे विसरता कामा नये. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा पुन्हा पुन्हा वाढवला गेला. महिन्याच्या भाड्यात गिलावाही होईना, तेव्हा मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. भाडे वाढवता येत नाही म्हणून रक्कम एकदाच घेण्याची रीत पक्की झाली. तिचे नाव पगडी. पगडी देणारा ना पूर्ण मालक, ना साधा भाडेकरू. त्याच्या हाती असते ती भाडेपावती. मुंबईत या पावतीवर लग्ने ठरली, भावाभावांत दावे लागले. १९९९ च्या नव्या भाडे कायद्याने पगडीला मान्यता दिली, पण तोवर लाकडी तुळया कुजून गेल्या होत्या.

दरम्यान इमारती पडू लागल्या. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आले. भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा आणि त्यातून दुरुस्ती करायची. तेव्हा उपकरप्राप्त इमारतींची संख्या साडेएकोणीस हजारांच्या वर होती. टेकू लागले, काही इमारतींचे टेकू पुढे तिथलेच खांब होऊन बसले. ज्यांना संक्रमण शिबिरात हलवले, त्यांतल्या अनेकांची उमर तिथेच सरली. ‘थोड्या दिवसांसाठी जा’ म्हणून गेलेला शेजारी वीस वर्षांनीही परतला नाही, हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. हुसैनीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे. पडणाऱ्या छताइतकीच भीती न परतण्याची असते.

मुसलमानांच्या बाबतीत त्यात आणखी एक भीती मिसळली आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर कितीतरी कुटुंबे मिश्र वस्त्या सोडून मुंब्र्याला गेली. आजही आडनाव ऐकून फ्लॅट नाकारणाऱ्या सोसायट्या या शहरात आहेत. ज्याला दुसरीकडे घर मिळण्याची खात्री नाही, तो आहे ती मोडकी खोली सहजासहजी सोडणार नाही. याला हट्ट म्हणायचे असेल तर म्हणा.

साडेसोळा एकरांचा आराखडा

२००९ मध्ये दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुरहानुद्दीन यांनी सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्याच वर्षी राज्य सरकारने समूह पुनर्विकासाचे धोरण आणले. एकेक इमारत उभी-आडवी वाढवण्याऐवजी पूर्ण मोहल्ल्याचा एकत्र विचार करायचा, त्या बदल्यात जादा चटईक्षेत्र मिळणार. भेंडीबाजारचा प्रकल्प सुमारे साडेसोळा एकरांचा: अडीचशेच्या आसपास इमारती, सुमारे ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने. पात्र कुटुंबाला किमान ३५० चौरस फुटांचे मालकीचे घर, स्वतःच्या संडास-बाथरूमसह, फुकट. दुकानदाराला त्याच्या गाळ्याएवढी जागा. खर्च जादा बांधकामाच्या विक्रीतून. पहिल्या टप्प्यातले अल-सआदा मनोरे उभे राहिले आणि लोक राहायलाही गेले.

या कामाला मी नावे ठेवणार नाही. रात्री संडासच्या रांगेत उभी राहणारी म्हातारी आता दार लावून आत जाते, हे ज्यांना क्षुल्लक वाटते त्यांनी चाळीत एक पावसाळा काढावा. बाहेरच्या बिल्डरऐवजी एका समाजाच्या ट्रस्टने ही जबाबदारी घेणे, बोहरा नसलेल्या रहिवाशांनाही त्यात धरणे, ही साधी गोष्ट नाही.

माझा प्रश्न तळमजल्याचा आहे. घर बाराव्या मजल्यावर नेता येते. दुकान नेता येत नाही. अत्तरवाला, टोपीवाला, रिदाच्या लेसवाला, जुने सुटे भाग विकणारा या सगळ्यांचे भांडवल म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर. जुन्या मोहल्ल्यात गल्ल्या अरुंद आणि पुष्कळ होत्या, म्हणून रस्त्याला तोंड असलेले गाळेही पुष्कळ होते. रस्ते रुंद झाले, मोकळी जागा सोडली, मनोरे मोजके झाले की रस्त्यालगतची दर्शनी बाजू कमी होणार. मग कोणी कोपऱ्यावर राहील, कोणी आत जाईल, कोणी जिना चढून वरच्या मजल्यावर. चौरस फूट तेवढेच मिळतील, पण गिऱ्हाईक तेवढेच येईल असे नाही. त्यात देखभालीचा खर्च वाढणार. पाच-सहा फुटी गाळ्यात चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त करणाऱ्याला तो झेपेल का?

न्यूयॉर्कचा लॉफ्ट, मुंबईचा पोटमाळा

पोटमाळ्याला मुंबईच्या दलालाच्या भाषेत ‘लॉफ्ट’ म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये लॉफ्टचा अर्थ निराळा: जुन्या कारखान्याचा मोठा, उघडा मजला. तिथल्या सोहो भागात अशा ओतीव लोखंडाच्या इमारती ओळीने उभ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्योग हटू लागले आणि रिकाम्या मजल्यांवर चित्रकार गुपचूप राहू लागले. गुपचूप, कारण तिथे राहण्याची परवानगीच नव्हती. हा सारा भाग चिरून महामार्ग काढण्याचा रॉबर्ट मोझेस यांचा घाट लोकांनी लढून १९६९ मध्ये कायमचा बंद पाडला. १९७१ मध्ये कलाकारांचे राहणे नियमात बसवले गेले. १९८२ मध्ये राज्याने लॉफ्ट कायदा केला. ठरावीक काळात इमारतीत तीन किंवा अधिक कुटुंबे प्रत्यक्ष राहत होती, एवढे सिद्ध झाले की त्यांना संरक्षण मिळे आणि इमारत सुरक्षित करण्याची जबाबदारी मालकावर येई. परवानगी नसलेल्या जागेत राहणाऱ्यालाही कायद्याने माणूस म्हणून मोजले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

पण सोहोची दुसरी बाजूही आहे. १९६३ मध्ये चेस्टर रॅपकिन यांनी या भागाचा अभ्यास केला, तेव्हा इथले छोटे कारखाने प्वेर्तो रिकन आणि कृष्णवर्णीय कामगारांना रोजी देतात, म्हणून ते पाडू नयेत, असे त्यांनी सांगितले होते. इमारती वाचल्या, तिथे राहणारे कलाकार वाचले. कामगार गेले. तळमजल्यांवर पुढे महागड्या ब्रँडची दुकाने आली आणि वरच्या लॉफ्टच्या किमती अशा चढल्या की नवा चित्रकार तिथे पाय ठेवू शकत नाही.

भेंडीबाजारात पात्रता ठरते ती जुन्या भाडेकरूच्या आणि रहिवाशाच्या कागदांवर. पावती दुकानदाराच्या नावावर असते. त्याच्या पोटमाळ्यावर झोपणाऱ्या, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कारागिराच्या नावावर काहीच नसते. हॉटेलातला पोऱ्या, भट्टीवरचा माणूस, हातगाडी ओढणारा, शिवणकामाचा कारागीर हे बाजाराचे हातपाय आहेत. मालक त्यांना पगारात झोपायची जागाही देतो, म्हणून मजुरी स्वस्त पडते आणि म्हणूनच बाजार स्वस्त राहतो. नव्या चकचकीत गाळ्यात झोपण्याची सोय नसेल, तर हा माणूस मुंब्र्याहून रोज लोकल पकडेल किंवा काम सोडेल. दोन्हीत बाजाराचा भाव बदलेल. पोटमाळ्यावर झोपणे चांगले, असे मी म्हणत नाही. हवा नाही, आग लागली तर उतरायला एकच शिडी. पण ती जागा काढून घेताना दुसरी द्यायला हवी.

हे अशक्य नाही. पाहणी करताना पावतीधारकाबरोबर गाळ्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्या आणि झोपणाऱ्या माणसांची नोंद घेता येते. विक्रीच्या मजल्यांपैकी थोडा भाग कामगारांच्या भाड्याच्या खाटांसाठी राखता येतो. ज्या मुंबईने शंभर वर्षांपूर्वी एकट्या पुरुषांसाठी मजलेच्या मजले बांधले, तिला हे नवीन नाही. ज्यांचा धंदा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेवर चालतो, त्यांना रस्त्याकडची जागा आधी द्यावी. ज्यांचे ठरलेले घाऊक गिऱ्हाईक आहे, ते आत किंवा वर जाऊ शकतात. हे कागदावर बसून ठरत नाही. त्यासाठी गेडिस सांगत होते तसे वस्तीत पायी फिरावे लागते.

फिरायचे तर रात्री अकरानंतर फिरावे. तेव्हा शटर अर्धे खाली ओढलेले असते, आत एकच बल्ब जळत असतो आणि शिडीपाशी चपलांच्या चार-पाच जोड्या काढून ठेवलेल्या असतात. आराखड्याच्या यादीत आधी त्या जोड्या मोजून घ्याव्यात.