परत न येण्याचा हुकूम : तडीपारीपासून व्हिसाच्या बंदीपर्यंत



आजचा विषय जरा कोरडा वाटेल. व्हिसाची मुदत संपल्यावरही जो परदेशात राहिला, त्याला पुढे काही वर्षं त्या देशात पाऊल ठेवता येत नाही, ही बंदी आली कुठून? मी तत्त्वज्ञानाचा माणूस, कायद्याचा नाही. पण या प्रश्नाकडे मला एका फोननं ढकललं, तो आधी सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी, बल्लारपूरचा. नाव सांगत नाही. कामाच्या व्हिसावर अमेरिकेत गेला, मंदीत नोकरी गेली, आज मिळेल उद्या मिळेल करत राहिला आणि कागदावरची तारीख उलटून गेली. तीन वर्षं उलटली, पाच उलटली. 2009 साली इकडे त्याचे वडील वारले. त्या रात्री त्यानं मला फोन केला. म्हणाला, "सर, मी येऊ शकत नाही." मला वाटलं, तिकिटाची अडचण असेल. म्हणाला, "नाही सर. इथून निघालो की दहा वर्षं परत येता येणार नाही. निघालो नाही तर काही नाही." मी फोन ठेवला आणि विचार करत बसलो. राहिला तर बंदी नाही आणि गेला तर बंदी! हा कसला कायदा?

आता आपल्याकडे येऊ. आपल्या वर्तमानपत्रांत आठवड्याआड एक बातमी असतेच : अमुक इसम दोन वर्षांसाठी चंद्रपूर जिल्ह्यातून तडीपार. तड म्हणजे काठ. तडीपार म्हणजे काठापलीकडे घातलेला. आपल्या भागात हा शब्द अगदी अक्षरशः खरा होता, हे तरुण मंडळींना माहीत नसतं. बल्लारपूरला वर्धा नदी ओलांडली की पलीकडे राजुरा, आणि राजुरा म्हणजे निजामाचं राज्य. तो तालुका आपल्या जिल्ह्यात आला 1959 साली. खाली सिरोंचाकडे प्राणहिता, तिच्याही पलीकडे निजामच. म्हणजे नदीचा काठ हीच सरहद्द, नि पलीकडे गेलेल्यावर इकडच्या पोलिसांचा हुकूम चालत नसे.

आज ही तडीपारी 1951 च्या मुंबई पोलीस कायद्यानं होते. हल्ली त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. कलम 55 ते 57. जास्तीत जास्त दोन वर्षं. मुदत संपायच्या आत परवानगीशिवाय परत आलात, तर तो वेगळा गुन्हा, त्याला तुरुंग. पण एक गोष्ट इथे नीट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे. हुकूम काढण्याआधी नोटीस द्यावी लागते, तुमच्यावर साधारण काय आरोप आहे ते सांगावं लागतं, तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. पुढे सरकारकडे अपील आहे. ते ऐकणं किती मनापासून होतं, हा भाग वेगळा.

हे ऐकून घेणं काही आभाळातून पडलं नाही. आपला चांदा जिल्हा पूर्वी मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. त्या प्रांताचा 1946 चा गुंडा कायदा होता. सरकारनं एखाद्याला गुंड म्हटलं की त्याला हाकलता यायचं, आणि मी गुंड नाही हे सांगायची धड सोयच त्यात नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं 1960 साली त्यातली मुख्य कलमं रद्द केली. त्याच्या दहा वर्षं आधी नागपूरचे डॉ. ना. भा. खरे, म्हणजे एके काळचे या प्रांताचे पंतप्रधान, यांना दिल्लीतून तीन महिन्यांसाठी हद्दपार केलं होतं. ते न्यायालयात गेले आणि तीन विरुद्ध दोन अशा मतांनी हरले. मुख्यमंत्रिपद, त्या वेळच्या भाषेत पंतप्रधानपद, भूषवलेल्या माणसाची ही गत, तर इतरांचं काय!

तत्त्वज्ञानाच्या माणसाला अथेन्स आठवल्याशिवाय राहत नाही, तेव्हा दोन मिनिटं माफ करा. अथेन्समध्ये नागरिक खापराच्या तुकड्यावर नाव कोरून एखाद्याला दहा वर्षांसाठी शहराबाहेर काढत. आरोप नाही, खटला नाही. पण त्याची मालमत्ता त्याचीच राही, आणि गरज पडली तर मुदतीआधी परतही बोलावत. अरिस्टाइडीसला असंच इराण्यांच्या स्वारीच्या वेळी बोलावलं. प्लेटोनं ‘लॉज’ या संवादात परक्या कारागिरांना नगरात वीस वर्षं राहू द्यावं, मग त्यांनी आपलं चंबूगबाळं घेऊन निघावं, असं लिहिलंय. मुदतीचा व्हिसा म्हणतात तो हाच की! दहा वर्षांची बंदी आणि वीस वर्षांची मुदत, दोन्ही कल्पना जुन्याच. पण त्या काळी त्या एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. त्यांची गाठ बांधली ती आधुनिक सरकारांनी.

हिंदुस्थानात याची सुरुवात 1864 च्या परकीयांच्या कायद्यात दिसते. सरकारनं परक्या माणसाला निघून जा म्हटलं आणि तो गेला नाही, किंवा जाऊन परवान्याशिवाय परत आला, तर त्याला धरून अटकेत ठेवता येई. म्हणजे परत येणं हाच अपराध. पण तिथेही आधी एका विशिष्ट माणसावर हुकूम निघायचा. मग 1914 च्या सप्टेंबरात एक वटहुकूम आला, हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्यांवर बंधनं घालणारा. गंमत पाहा, तो प्रामुख्यानं वापरला गेला तो परक्यांवर नाही, आपल्याच परतणाऱ्या लोकांवर. अमेरिका-कॅनडातून गदर पक्षाची माणसं बोटीनं परतत होती, त्यांना बंदरावरच अडवायचं होतं. घरी परत येणारा माणूसच संशयित.

इथे आपल्या शेजारच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे येतात. अमेरिकेत शेतकी शिकायला गेले, गदरच्या उभारणीत होते, महायुद्धात इराणपर्यंत पोचले, आणि 1924 पासून मेक्सिकोत. तिथे चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मका आणि गव्हावर संशोधन केलं. दिएगो रिव्हेरानं आपल्या भित्तिचित्रात त्यांना बसवलं. सगळं जग त्यांना खुलं, फक्त घर बंद. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव होतं. बरं, 1947 साली इंग्रज गेले, म्हणजे नाव पुसलं असेल? नाही. स्वतंत्र भारतात येतानाही ती जुनी बंदी आडवी आली. शेवटी पन्नाशीच्या दशकात ते नागपूरला येऊन राहिले, आणि तिथेच 1967 साली वारले. त्यांच्या कन्येनं त्यांचं चरित्र लिहिलंय, मिळालं तर जरूर वाचा. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की सरकार बदललं तरी यादी बदलत नाही. ज्या कारकुनानं नाव लिहिलं तो निवृत्त होतो, ज्या साम्राज्यासाठी लिहिलं ते बुडतं, नाव मात्र तिथेच.

फाळणीनंतर चित्र आणखी गुंतलं. 1948 च्या जुलैत पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट सुरू झालं. तात्पुरतं परमिट घेऊन माणूस आपल्याच गावी यायचा, आणि मुदत संपली तरी घरातच राहायचा. आपल्या देशातला मुदत उलटलेला माणूस पहिल्यांदा मोठ्या संख्येनं कायद्यासमोर आला तो असा. 1949 च्या कायद्यात अशा माणसाला, नुसत्या संशयावरूनसुद्धा, देशाबाहेर काढायची सोय होती. इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या 1954 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं सांगितलं की नागरिकाच्या बाबतीत हे कलम चालणार नाही. म्हणजे परमिट मोडलं म्हणून शिक्षा करा हवी तर, पण नागरिकाला त्याच्या देशाबाहेर फेकता येणार नाही.

परक्यांचं काय? 1955 च्या हान्स म्युलर खटल्यात न्यायालय म्हणालं, परक्याला घालवण्याचा सरकारचा अधिकार पूर्ण आहे. आणि परका कोण, हेसुद्धा 1957 पर्यंत चमत्कारिकच होतं. 1946 च्या कायद्यातली व्याख्या इंग्रजी राज्याच्या काळातली, त्यामुळे पाकिस्तानी माणूस पुष्कळदा ‘परकीय’ ठरतच नसे. 1957 च्या दुरुस्तीनं सोपं केलं : जो भारताचा नागरिक नाही तो परकीय.

हे सगळं आपल्या जंगलात कुठे येतं, असं कोणी विचारेल. मुलचेरा, चामोर्शीकडे गेलात तर सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी गावं लागतात. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची ती वस्ती, साठीच्या दशकापासूनची. घरात बंगाली, बाजारात मराठी, मासे आणि भात. त्यांना सरकारनंच आणून वसवलं, त्यामुळे त्यांचा प्रश्न निराळा. पण मागाहून आलेले नातेवाईक? पूर्व पाकिस्तान आणि भारत यांच्यात पासपोर्ट-व्हिसा सुरू झाला 15 ऑक्टोबर 1952 ला. त्याआधी ती सरहद्द माणसं पायी ओलांडत. 2003 च्या नागरिकत्व दुरुस्तीनं ‘बेकायदा स्थलांतरित’ या शब्दाची व्याख्या केली. त्यात कागदाविना आलेला माणूस आहेच, पण खरा कागद घेऊन आलेला नि मुदतीनंतर राहिलेलासुद्धा आहे. दोघं एकाच तागडीत. अशा माणसाला नोंदणीनं किंवा इतक्या वर्षांच्या वास्तव्यानं नागरिकत्व मागायची वाट बंद. 2019 च्या कायद्यानं काही धर्मांच्या लोकांना 31 डिसेंबर 2014 ही तारीख धरून सूट दिली. त्यावरचा वाद मोठा आहे, तो आज घेत नाही. मला फक्त दाखवायचंय की माणसाचं नशीब आता तारखेवर आलं.

आणि आता तो फोन. अमेरिकेनं 1929 साली घालवलेल्या माणसानं परत येणं हा तुरुंगवासाचा गुन्हा केला होता. पण मुदत उलटून राहिलेला माणूस स्वतःहून निघाला, तर पुन्हा व्हिसा मागू शके. द्यायचा की नाही ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर. 1996 च्या सप्टेंबरात नवा कायदा झाला, 1 एप्रिल 1997 पासून दिवस मोजणं सुरू झालं. 180 दिवसांहून अधिक पण वर्षाच्या आत बेकायदा राहून निघालात तर तीन वर्षं बंदी, एक वर्ष किंवा अधिक राहून निघालात तर दहा. युरोपनं 2008 मध्ये साधारण पाच वर्षांची कमाल मर्यादा ठेवली. इंग्लंडनं त्याच वर्षी एक, पाच, दहा असे टप्पे केले. दहा-बारा वर्षांत सगळीकडे एकच वारं.

यात नवं काय आहे? 1864 चा हुकूम असो, खानखोज्यांची यादी असो की आपल्या जिल्ह्यातली तडीपारी, तिथे कोणीतरी कोणाला तरी धोकादायक ठरवत होतं. चुकत असतील, अन्याय करत असतील, पण ठरवणारा होता. म्हणून त्याच्याशी भांडता येत होतं. खरे भांडले, मावत भांडले. 1996 च्या बंदीत मुळात ठरवायचंच काही नाही. दिवस मोजले, आकडा आला, बंदी लागली. कोणावर आरोप नाही, मग बचाव कशाचा करणार? माफीचा अर्ज आहे, नाही असं नाही. पण त्यात मोजला जातो तो तिथल्या नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या नवऱ्याचा, बायकोचा किंवा आईवडिलांचा त्रास. बल्लारपूरच्या आईचा त्रास त्या अर्जात बसत नाही.

शिवाय बंदी लागते निघाल्यावर. मुदत मोडलेल्यानं जावं म्हणून केलेला कायदा त्याला जाऊ देत नाही. डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञानं मेक्सिकोतून येणाऱ्यांचा कितीतरी वर्षं अभ्यास केला. सरहद्दीवरचा पहारा वाढला, तशी येणारी माणसं विशेष घटली नाहीत, परत जाणारी घटली. पूर्वी हंगामाला येऊन घरी जाणारे आता तिथेच राहिले, आणि बायकामुलांना बोलावू लागले. दार आतून उघडायला महाग केलं तर आतला माणूस आतच राहणार, हे समजायला पीएच.डी. लागत नाही.

कांट 1795 साली लिहून गेला की परक्याला दुसऱ्याच्या भूमीवर राहण्याचा हक्क नाही, पण भेटीला येण्याचा आहे, आणि आलेल्याला शत्रूसारखं वागवू नये. मी ही ओळ वर्गात तीस वर्षं शिकवली. त्या फोननंतर शिकवताना अडखळायला लागलो. कारण कांटच्या डोळ्यांसमोर येणारा पाहुणा होता. परत घरी जाऊ न शकणारा पाहुणा त्याला सुचला नसावा.

तो विद्यार्थी अजून तिथेच आहे. त्याची आई चौऱ्याऐंशीची आहे, तिला मोतीबिंदूमुळे मोबाइलवर त्याचा चेहरा नीट दिसत नाही, म्हणून ती कानालाच लावते आणि तो इकडे कानाचंच चित्र बघत बोलतो. मागच्या दिवाळीत त्यानं मला हिशेब करायला लावला. तो एक्कावन्नचा. आज निघाला तर एकसष्टाव्या वर्षी अर्ज करता येईल, तोही मंजूर होईलच असं नाही. मी त्याला म्हटलं, बाबा, हा हिशेब मला नको विचारूस, वकिलाला विचार. तो म्हणाला, वकिलानं बरोबर हाच आकडा सांगितला.

चला, वेळ झाला. मागे कोणीतरी मघापासून हात वर करून बसलंय, आधी त्यांचा प्रश्न घेऊ.