सूप किती दिवस टिकते? चांदा जिल्ह्यातील घरगुती वस्तूंच्या आयुष्याची हकीकत

१/
फ्रिज दहा वर्षे चालतो की पंधरा, मिक्सर दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हे प्रश्न आज घरोघरी पडतात. आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत हाच प्रश्न शतकभर एका वेगळ्या वस्तूबाबत पडत आला, आणि तो स्वयंपाकघरातून निघून वनखाते, कागद गिरणी आणि अखेर संसदेपर्यंत पोचला. ती वस्तू म्हणजे बांबूचे सूप.

२/
आरंभ थोडा मागून करावा लागेल. नागपूर जिल्ह्यात नैकुंड येथील उत्खननात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. माहुरझरीच्या शिलावर्तुळांत लोखंडी हत्यारे आणि घोड्यांचे तांब्याचे अलंकार मिळाले. म्हणून विदर्भाच्या त्या काळाला आपण लोहयुग म्हणतो. पण त्या माणसांनी धान्य पाखडले कशात आणि साठवले कशात? लोखंड उरले, कारण ते जमिनीखाली टिकते. कामट्यांनी विणलेली वस्तू उरत नाही. घरातील ज्या वस्तू सर्वांत जास्त वेळा बदलल्या जातात, त्यांचीच इतिहासात सर्वांत कमी नोंद राहते. ‘बांबूयुग’ असा शब्द कोणी घडवला नाही, याचे कारण बहुधा इतकेच आहे.

३/
जुन्या घरातील वस्तूंचे दोन वर्ग पडत. पहिला वर्ग दुरुस्त होणाऱ्यांचा. जाते गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावून घेत आणि ते सासूकडून सुनेकडे जाई. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की कल्हईवाला नवसागर आणि कथील घेऊन दारात बसे. भांडे तेच, थर नवा. दुसरा वर्ग बदलायच्या वस्तूंचा: मडके, झाडू, टोपली, सूप. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात ही म्हण दाण्यांविषयी आहे. वस्तूंचा हिशेब केला तर हसण्याची पाळी जात्याची; त्याच्या एका आयुष्यात कितीतरी सुपे झिजून जातात.

४/
पहिल्या वर्गाचा राजा म्हणजे लोखंड, आणि चांदा जिल्हा लोखंडाचा. लोहारा, देवलगाव, पिंपळगाव या टेकड्यांतील धातुक कोळशाच्या लहान भट्ट्यांत गाळून लोखंड काढले जाई. कुऱ्हाडीची धार गेली की लोहार ती तापवून, ठोकून, पाणी देऊन पुन्हा उभी करी. नांगराच्या फाळाची दुरुस्ती सुगीला मिळणाऱ्या ठरावीक धान्याच्या बदल्यात वर्षभर होई. आज वातानुकूलन यंत्रासाठी आपण ज्याला ‘वार्षिक देखभाल करार’ म्हणतो, तो बलुतेदारीत जुनाच होता. फरक इतकाच की लोहाराला दूरध्वनी करून ताटकळावे लागत नसे.

५/
या लोखंडाची एक उपकथा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोहउद्योगाच्या शक्यतांविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलादाचा कारखाना काढण्याचे वेड त्यांच्या डोक्यात शिरले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे पुत्र दोराबजी आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड यांनी याच जिल्ह्यात शोध घेतला. लोहाऱ्याचा धातुक उत्तम होता. पण मोठ्या कारखान्याला लागणारा धातुक आणि योग्य कोळसा यांची सांगड इथे बसेना. निराश दोराबजींना नागपूरच्या संग्रहालयात दुर्ग जिल्ह्यातील लोहसाठे दाखवणारा भूगर्भ नकाशा दिसला आणि शोध पूर्वेकडे वळला. शेवटी कारखाना उभा राहिला तो साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. कंपनीची स्थापना १९०७, पहिले पोलाद १९१२.

६/
गावातील भट्ट्या मात्र विझल्या. रेल्वेने आलेले स्वस्त विलायती लोखंड आणि कोळशासाठी लाकूड तोडण्यावर आलेली बंधने, या दोहोंनी त्या विझवल्या. लोहार टिकला, कारण दुरुस्ती टिकली. लोखंड परके झाले तरी कुऱ्हाडीला धार इथेच लावावी लागे.

७/
आता सुपाकडे वळू. उघड्यावर, मातीला टेकलेला, कोणतीही प्रक्रिया न केलेला बांबू साधारण एक ते तीन वर्षांत जातो. छपराखाली, कोरड्या जागी तोच चार ते सात वर्षे राहतो. म्हणून अंगणाच्या कुडाचे तट्टे वारंवार बदलावे लागत, घरातील ढोली अधिक टिके, आणि रोज हाताळले जाणारे सूप या दोहोंपेक्षा वेगळ्याच कारणाने संपे: ते कुजत नाही, झिजते. त्याची कड सैल होते, कामट्या तुटतात, दाणे फटीतून गळू लागतात. शेणाने सारवून फटी बुजवता येतात. काही वेळा बुजवल्यावर मात्र सूप जड होते आणि पाखडताना मनगट सांगते की आता नवे आणा. वस्तू केव्हा बदलावी याचा याहून नेमका निकष मला कोणत्याही माहितीपत्रकात आढळलेला नाही.

८/
बांबूचा खरा शत्रू घुण. हा किडा बांबूतील पिष्टासाठी येतो. म्हणून कोवळा बांबू तोडायचा नाही, पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडायचा, तोडलेला पाण्यात बुडवून ठेवायचा म्हणजे पिष्ट विरघळून जाते, आणि शक्य तर चुलीच्या वर धुरात ठेवायचा. प्रयोगशाळेने पुढे ज्याची कारणे सांगितली ते हे नियम जंगलालगतच्या घरांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. आज यासाठी बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचे द्रावण वापरतात.

९/
इथे एक गणित लक्षात घ्यावे लागते. बांबूचा कोंब एका पावसाळ्यातच पूर्ण उंची गाठतो, पण पक्का व्हायला त्याला सुमारे तीन वर्षे लागतात. जंगलातील बेटांची तोड तीन-चार वर्षांच्या फेऱ्याने करण्याची पद्धत त्यातूनच आली. म्हणजे घरातील वस्तू झिजण्याचा वेग आणि बेटात नवा बांबू पिकण्याचा वेग जवळपास जुळतो. अल्पायुषी वस्तू गरिबाला परवडत असे ती याच जुळणीमुळे; बदली वस्तूचा कच्चा माल दाराबाहेर वाढत असे. त्या दारावर कोणी पहारा बसवला तर?

१०/
पहारा बसला. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगल सरकारी केले आणि राखीव वने आखली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील व्याख्येत ‘वृक्ष’ या शब्दात ताड, वेत यांच्यासोबत बांबूही घातला गेला. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत आहे. कायद्यात तो झाड झाला आणि त्याची तोड व वाहतूक इमारती लाकडाच्या बंधनांत अडकली.

११/
त्याच सुमारास युरोपात काय चालले होते? डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हा येथे ओसराम, फिलिप्स आदी दिवे बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापला आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणण्याचे ठरवले. जास्त जळणारा दिवा बनवणाऱ्या कारखान्याला दंड होई. तिथे उत्पादकाने वस्तूचे आयुष्य कापले. इथे सुपाचे आयुष्य होते तेवढेच राहिले, पण ते बदलण्याची मुभा कापली गेली. दिवा गेला तर दुसरा विकत घेता येई, नव्हे घ्यावाच लागे, यासाठीच तो बेत होता. सूप गेले तर जंगलात पाऊल टाकण्यापूर्वी परवानगीचा प्रश्न उभा राही.

१२/
मध्य प्रांतात ‘निस्तार’ नावाची सोय होती, हे सांगितले पाहिजे. जळण, कुंपण, घरदुरुस्ती, शेतीची अवजारे यांसाठी गावकऱ्यांना जंगलातील माल घेण्याचा हक्क नोंदलेला असे. अट एकच: स्वतःच्या घरापुरते, विक्रीसाठी नाही. कागदावर ही अट रास्त दिसते. पण सूप विणणे हे कौशल्याचे काम आहे. प्रत्येक घर आपले सूप स्वतः विणत नाही. ते बुरुड विणतो आणि विकतो. म्हणजे गावाच्या प्रत्येक घराची निकड पुरवणारा माणूस ‘घरापुरते’ या शब्दाबाहेर राहिला. माझ्या मते या सगळ्या हकीकतीतील सर्वांत अन्यायकारक ओळ हीच, आणि ती कोणी हेतुतः लिहिली असेल असेही वाटत नाही.

१३/
१९५१ मध्ये मालगुजारी आणि जमीनदारी संपली, त्यांची जंगले सरकारकडे आली. १९५६ मध्ये चांदा जिल्हा मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा झाला. दरम्यान बल्लारपूरला कागद गिरणी उभी राहिली होती: कंपनी १९४५ ची, उत्पादन १९५३ पासून. तिला लागणारा बांबू याच जंगलांतून सरकारी कराराने जाऊ लागला. कागद गिरण्यांना बांबू कोणत्या भावात मिळे याचे गाजलेले उदाहरण कर्नाटकातील दांडेलीचे आहे, माधव गाडगीळ यांनी पुढे आणलेले: सुरुवातीला टनाला दीड रुपया. टोपल्या विणणाऱ्याला बाजारात त्याच्या कित्येक पट द्यावे लागत. चार वर्षे टिकणारी टोपली महाग झाली आणि एका शैक्षणिक वर्षात रद्दीत जाणारी वही स्वस्त.

१४/
धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने हा प्रश्न धरून ठेवला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे त्यामुळे राज्याबाहेर पोचली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला स्पष्टपणे गौण वनोपजात घातले, म्हणजे ऐंशी वर्षांनी तो झाड उरला नाही. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला, देशातील अगदी पहिल्यांपैकी. तरीही वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती होता. हक्क गावाचा आणि पावती खात्याची, असा तिढा. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली झाले.

१५/
या वेळेपर्यंत आठवडी बाजारात प्लास्टिकचे सूप आलेले होते. ते घुणाला बळी पडत नाही, सारवावे लागत नाही, आणि तडकले की दुरुस्तही होत नाही. चुलीतही घालता येत नाही. दरम्यान चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे राज्याने बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र काढले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच्या बांबूच्या इमारतीला मोठी आग लागली.

१६/
डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ सुरू केले. मोबाइल, वाहने, शेतीची यंत्रे, घरगुती उपकरणे असे त्याचे विभाग आहेत. बदलीचा हक्क मात्र अजून निम्माच आहे. नोव्हेंबर २०१७ च्या वटहुकुमाने आणि पुढे दुरुस्ती कायद्याने १९२७ च्या व्याख्येतील ‘बांबू’ हा शब्द वगळला, तो वनाबाहेर वाढणाऱ्या बांबूला मोकळीक देण्यासाठी. वनाच्या हद्दीतील बांबूवर वनोपज म्हणून जुनी बंधने राहिली, सामूहिक वनहक्क मिळालेली गावे सोडून. बुरुडाच्या अंगणात शेतातला बांबू आणि जंगलातला बांबू शेजारी ठेवले, तर कामट्या सारख्याच निघतात. कोणता कुठून आला हे सांगायला मात्र कागद लागतो.