विद्युतमाशाने उघडलेले दार

मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नेतो तो अ‍ॅसिटिलकोलीन. तो झेलणारे प्रथिन, म्हणजे त्याचा ग्राही, आपल्या स्नायूंत अगदी तुरळक असते. कॅलिफोर्नियाच्या समुद्रातल्या टॉर्पेडो माशाच्या वीज निर्माण करणाऱ्या अवयवात मात्र ते खच्चून भरलेले. मण्यारीच्या जातकुळीतल्या तैवानी सापाचे विष या ग्राहीला घट्ट चिकटते. त्याच्याच साहाय्याने तो वेगळा काढता आला.

१९८०मध्ये कॅलटेकमध्ये मायकेल राफ्टरी यांच्या गटाने ग्राहीच्या चारही घटकांची पहिली ५४ अमिनो आम्ले वाचली. त्या तुटपुंज्या धाग्यावरून क्योटोच्या शोसाकू नुमा यांच्या चमूने डीएनएचे छोटे तुकडे तयार केले, त्या तुकड्यांच्या मदतीने जनुकाची प्रत हुडकली, तिची अक्षरे वाचली आणि १९८२मध्ये त्या चारांपैकी अल्फा घटकाची संपूर्ण रचना ‘नेचर’मध्ये छापली : ४३७ अमिनो आम्ले.

मी त्याच पिढीतला. आम्हीही किरणोत्सारी फॉस्फरस लावलेला डीएनए रसायनांनी तोडायचो, जेलवर पळवायचो आणि क्ष-किरण फिल्मवरच्या काळ्या पट्ट्या खालून वर एकेक अक्षर वाचायचो. डोळे शिणायचे. म्हणूनच त्या आकड्यामागचे कष्ट मला ठाऊक आहेत.

१९८४मध्ये नुमांच्या चमूने चारही घटकांचे आरएनए बेडकाच्या अंडपेशीत टोचले आणि तिथे अ‍ॅसिटिलकोलीनला प्रतिसाद देणारा ग्राही घडला. अक्षरे बरोबर वाचली होती, याची याहून पक्की साक्ष कोणती? मेंदूतल्या ग्राहींचे जनुक शोधणाऱ्यांना पुढे हीच वाट उपयोगी पडली.