रिजेक्ट मालाचा ठेका

मी रेल मिलमध्ये नोकरी केली आणि सेक्टर 6 च्या गणपतीत पॅड वाजवला. कुणी विचारलं तर दुसरी ओळख आधी सांगतो. बाबा वर्ध्याहून भिलाईला आले ते 1959 साली. पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस नुकतीच पेटली होती. मी काठ्या हातात धरल्या तोवर ऑर्केस्ट्रात ढोलकी-बोंगोच्या शेजारी काळ्या रबराच्या आठ चौकटी येऊन बसल्या होत्या.

ही पॅडची पेटी जपानी, रोलंड कंपनीची. त्यांच्या 1985 च्या पहिल्या ऑक्टापॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. काठी पडली की तो मिडीच्या वायरीतून नुसता निरोप धाडायचा, वाजायचं दुसरंच यंत्र. माझा एसपीडी-20 नंतरचा, पोटात 700 आवाज असलेला.

या घराण्यातला थोरला म्हणजे 1980 चा टीआर-808. त्याला काठीसुद्धा नको. सोळा बटणांवर ठोके मांडून द्या, रात्रभर तोच ठेका धरून बसेल. 1983 पर्यंत सुमारे 12,000 नग निघाले आणि काम थांबलं. का थांबलं ते वाचून मी एकटाच हसत बसलो होतो. त्याच्या आवाजातली ती खास चरचर सदोष ट्रान्झिस्टरांतून यायची, आणि कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी तसला माल मुद्दाम विकत घेत. पुढे ट्रान्झिस्टर चांगले निघू लागले आणि बिघडलेले मिळेनात! आमच्याकडे रिजेक्टचा शिक्का बसलेला रूळ सरळ वितळायला परत जायचा.

मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये याच 808 वर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. रेकॉर्ड फारशी चालली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाल्यावर परदेशातले लोक चकित झाले.

आमच्या भागात यंत्राला मान मिळाला तो धुमालमध्ये. नागपूरपासून दुर्ग-रायपूरपर्यंत लग्न असो की विसर्जन, धुमाल हवाच. गाडीवर जनरेटर, भोंगे, बँजो, कीबोर्ड आणि पॅड; जोडीला ताशे आणि नगारे. पॅडवाला उंचावर उभा, कारण पोरांना काठी दिसली पाहिजे.

एका वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत कीबोर्डवाल्यानं कीबोर्डातलाच तयार ठेका लावला. म्हणाला, ‘‘भाऊ, शिवनाथ नदी लांब आहे, हात दुखतील तुमचे.’’ खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. सुपेला चौकात गर्दी घट्ट झाली, नाचणारे पेटले, आणि ताशेवाल्यानं नेहमीप्रमाणे लय चढवली. यंत्राला त्याचं काय! ते निघाल्या वेगानंच चाललेलं. ताशा पुढे, ठेका मागे, आणि मधे नाचणाऱ्यांचे पाय अडकलेले. एक म्हातारा नगारेवाला वर बघून हातानंच विचारत होता, काय चाललंय?

मी वाकून ठेका बंद केला आणि काठ्या उचलल्या. दुर्गपर्यंत दोन्ही तळहातांना फोड आले. परत येताना कीबोर्डवाल्यानं स्वतःच त्या बटणावर चिकटपट्टी लावली. पुढच्या गणपतीलाही ती तिथंच होती, कडा काळ्या पडलेल्या.